आधी पदविका की आधी नोकरी? बालवाडी-पाळणाघराच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या एका ताईंना उत्तर

सिन्नरच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय सव्वीस, शिक्षण बी.कॉम., आतापर्यंत एका दुकानाचे हिशेब लिहिण्याचे काम केले, आता लहान मुलांच्या क्षेत्रात यायचे आहे. घराजवळच्या एका खासगी बालवाडीने ‘मदतनीस म्हणून लगेच या’ असे सांगितले आहे, मात्र पगार अगदीच बेताचा आहे. दुसरीकडे नाशिकमधल्या एका संस्थेने नर्सरी टीचर ट्रेनिंगचा वर्षभराचा वर्ग सुचवला आहे आणि फी एकरकमी मागितली आहे. आधी वर्ग पूर्ण करावा की आधी नोकरी धरावी, असे त्या विचारतात, आणि जाता जाता एक ओळ लिहितात, “मदतनीस म्हणून लागले तर कायमची मावशीच होऊन बसेन का?”

माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. शिक्षण आणि काम एकाच वेळी करता येते, आणि या क्षेत्रात तर ते तसेच करावे असे मी ठामपणे सांगेन. पण मदतनीस, म्हणजे मावशी, म्हणून आत शिरलेली बाई पुढे ताई, म्हणजे वर्ग घेणारी शिक्षिका, होणार की नाही, हे तिच्या हातातल्या प्रमाणपत्रावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक ती पहिल्या वर्षी कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या अटींवर काम करते यावर अवलंबून असते. मी पुण्यात पाळणाघर आणि त्याला जोडलेली बालवाडी चालवते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुली असतात आणि वेगवेगळ्या अभ्यासक्रमांतून सरावासाठी येणाऱ्या विद्यार्थिनीही असतात, त्यामुळे दोन्ही बाजू रोज डोळ्यांसमोर असतात. पुढचे सगळे त्या अनुभवावरून लिहीत आहे.

प्रथम, पात्रता नसताना काम मिळतेच कसे, हे समजून घ्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटाला लागू आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन व्यवस्था करू शकते एवढेच त्याचे कलम ११ सांगते. बंधन घालत नाही. प्राथमिक शाळेत शिकवायचे तर डी.एड. (आताचे डी.एल.एड.) ही अध्यापन पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते, पण तिच्या खालच्या वर्गांसाठी तशी एकसारखी आणि काटेकोरपणे तपासली जाणारी अट खासगी संस्थांमध्ये वर्षानुवर्षे नव्हती. म्हणून बारावी झालेली मुलगीही उद्यापासून खेळगटावर उभी राहू शकते. तुमच्यासाठी ही सोय आहे आणि धोकाही आहे. सोय अशी की दार उघडे आहे. धोका असा की संस्थाचालकालाही तुम्हाला शिकवण्याची कोणतीही सक्ती नाही, आणि शिकल्यावर तुमचा पगार वाढवण्याची तर मुळीच नाही.

वारे मात्र बदलते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ ‘पायाभूत स्तर’ म्हणून शालेय रचनेत आणला आणि २०२२ मध्ये त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आराखडाही आला. याच धोरणात अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाविषयी जे म्हटले आहे ते तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्यांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका, आणि दोन्ही अशा पद्धतीने द्यायचे की सेविकेच्या चालू कामात शक्य तितका कमी खंड पडेल. म्हणजे काम करता करता पात्रता मिळवणे ही काही चोरवाट नव्हे. धोरण आखणाऱ्यांनीच ती वाट धरली आहे. आपल्याकडे तिला परंपराही आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघ पुण्याच्या हुजूरपागा शाळेत नोकरी करत असताना रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू झाले आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी, पन्नाशीच्या सुमारास, त्यांनी पदवी घेतली. तुम्ही तर पदवी हातात घेऊन येत आहात.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे त्याकडे वळू. कोणतीही फी भरण्यापूर्वी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला तीन वर्षांखालच्या बाळांबरोबर काम करायचे आहे की तीन ते सहाच्या मुलांबरोबर? ‘मला लहान मुले आवडतात’ एवढ्या उत्तराने भागत नाही, कारण ही दोन कामे स्वभावाने वेगळी आहेत. बाळांच्या खोलीत दिवस शी-शू, दूध, झोप, दात येताना होणारी चिडचिड आणि कडेवर घेऊन फिरणे यांत जातो. तिथे शब्द कमी लागतात. अंगातली शक्ती आणि मनाचा संथपणा अधिक लागतो. लहान गट-मोठ्या गटात गोष्ट, बडबडगीत, ठोकळे, भांडणे, आणि ‘अजून लिहायला का शिकवत नाही’ म्हणून विचारणारे पालक असतात. माझ्याकडच्या एक अतिशय गुणी ताई बाळांच्या खोलीत कोमेजून जात होत्या. मोठ्या गटावर आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा आवाज दारापर्यंत येऊ लागला. हा फरक वर्गात बसून कळत नाही, दोन्ही खोल्यांत थोडे थोडे दिवस काढल्यावरच कळतो. आधी काम धरा, असे मी म्हणते त्याचे हे पहिले कारण.

दुसरी गोष्ट, तुम्हाला शेवटी कोणत्या दारातून जायचे आहे. खासगी बालवाडी हे एक दार, अंगणवाडीचे दार वेगळे आहे. तिथे सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी आता बारावीची अट आहे, उमेदवार त्याच गावची किंवा प्रभागाची रहिवासी असावी लागते, वयोमर्यादा साधारणपणे अठरा ते पस्तीस आहे आणि निवड गुणांवर होते. पदवी असल्यास जादा गुण मिळतात. तुम्ही वयात बसता, पदवी आहे, तेव्हा तुमच्या प्रभागात जागा निघते का याकडे लक्ष ठेवा आणि बालविकास प्रकल्प कार्यालयात अधूनमधून चौकशी करत राहा. मिळते ते मानधन असते, वेतन नव्हे, आणि पोषण आहारापासून मोबाइलवरच्या नोंदींपर्यंत कामाचा पसारा मोठा असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. खासगी संस्थेने दिलेले नर्सरीचे प्रमाणपत्र या दाराशी फारसे कामाला येत नाही.

तिसरे दार कंपन्यांच्या पाळणाघरांचे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. पुण्या-मुंबईत आणि औद्योगिक वसाहतींच्या आसपास त्यामुळे नोकऱ्या निर्माण झाल्या आहेत. सिन्नरला माळेगाव-मुसळगावची वसाहत हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा तिथेही विचारून पाहा. अशी पाळणाघरे बहुधा एखादी बाहेरची संस्था चालवते आणि त्यांना पदविकाधारक माणसे हवी असतात, कारण कंपनीला कागद दाखवावे लागतात. इथे मान्यताप्राप्त पदविकेचा खरोखर उपयोग होतो आणि पगारातही तो दिसतो.

आता पहिली जागा कशी निवडावी याविषयी. मुलाखतीला सकाळी प्रार्थनेच्या वेळी बोलावतील. त्या वेळी सगळ्याच बालवाड्या सुंदर दिसतात. मी सांगेन, पाळणाघर असेल तर दुपारी बारा ते दोन या वेळात तासभर बसू द्या अशी विनंती करा. डबे, हात धुणे, कपडे बदलणे, झोपवणे हा दिवसातला सगळ्यात कठीण काळ, आणि संस्थेचा स्वभाव त्यातच दिसतो. मुलाच्या तोंडात घास कोंबला जातो की त्याची वाट पाहिली जाते, ओल्या चड्डीतल्या मुलाला सगळ्यांसमोर बोलतात की गुपचूप बाजूला नेतात, झोप न येणाऱ्या मुलाचे काय करतात, हे नीट पाहा. मुले झोपल्यावर खोलीत किती मोठी माणसे जागी आहेत तेही मोजा. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस असे प्रमाण सांगितले आहे. प्रत्यक्षात ते नेहमी पाळले जात नाही, पण चालकांना ते माहीत आहे का आणि ते त्याबद्दल संकोच न करता बोलतात का, यावरून पुष्कळ कळते. बसू द्यायलाच नकार मिळाला तर ती जागा सोडून द्या. बालवाडी अर्ध्या दिवसाची असेल तर डब्याच्या सुट्टीपासून घरी जाण्याच्या वेळेपर्यंतचा काळ पाहा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुम्ही कोणत्या ताईंच्या हाताखाली असणार ते विचारा आणि त्यांच्याशी बोला. संस्थेच्या इमारतीपेक्षा, फलकावरच्या इंग्रजी नावापेक्षा ही एक व्यक्ती तुमचे पहिले वर्ष घडवणार आहे. नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात एकटीला वर्गावर सोडणारी संस्था टाळा. तो विश्वास नसतो, माणसांची टंचाई असते. निदान पहिले काही महिने खोलीत तुम्ही दुसऱ्या असायला हव्यात, पहिल्या नव्हे.

मग मावशी आणि ताई यांच्याबद्दल. डायपर बदलणे, नाक पुसणे, भरवणे ही कामे हलकी आहेत असे कोणी सांगितले तर मनावर घेऊ नका. बाळाचा डायपर बदलताना तुम्ही त्याच्याशी काय बोलता, पाय उचलण्याआधी त्याला सांगता का, त्याच्या नजरेला नजर देता का, हे दीड वर्षाच्या मुलाचे शिक्षणच आहे. माझ्याकडे मीसुद्धा हे काम करते. पण एक व्यवहार ओळखायला हवा. ज्या बाईच्या वाट्याला फक्त स्वच्छता येते आणि नियोजन, निरीक्षण व पालकांशी बोलणे या तीन गोष्टी कधीच येत नाहीत, ती पाच वर्षांनीही तिथेच असते, मग तिच्याकडे पदविका असो वा नसो. म्हणून रुजू होतानाच नम्रपणे पण स्पष्टपणे बोलून घ्या. मी अमुक अभ्यासक्रमाला प्रवेश घेत आहे, मला आठवड्यातून एकदा एक उपक्रम स्वतः घ्यायला मिळावा, मासिक नियोजनाच्या बैठकीला बसू द्यावे, परीक्षेच्या दिवसांत रजा मिळावी, आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर पद व पगार यांचा फेरविचार व्हावा. हे नेमणूकपत्रात किंवा निदान एखाद्या संदेशात लेखी घ्या. बालवाडीच्या चालक बहुधा ओळखीतल्याच काकू-मावशी असतात आणि लेखी मागायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी मागा. नीट चालणाऱ्या संस्थेला अशा मागणीचा राग येत नाही.

नियोजन, निरीक्षण आणि पालकांशी बोलणे या तीन गोष्टींपैकी निरीक्षण तुम्ही कोणाच्या परवानगीशिवाय पहिल्या दिवसापासून सुरू करू शकता. त्याचे एक उदाहरण सविस्तर देते. सरावाला आलेल्या एका विद्यार्थिनीने साडेतीन वर्षांच्या मुलाबद्दल वहीत लिहिले होते, ‘हट्टी आहे, डबा खात नाही.’ मी तिला सांगितले की दुसऱ्या दिवशी फक्त डोळ्यांना दिसेल तेवढेच लिही, मत लिहू नकोस. तिने लिहिले: ‘साडेअकरा. डबा उघडला. पोळीचा तुकडा तोडला, भाजीला लावला, परत ठेवला. शेजारच्या मुलीच्या डब्यात पाहिले. ताई खा म्हणाल्या, त्याने डबा मिटला. मुलीने गाजराचा तुकडा पुढे केला, तो खाल्ला. मग स्वतःचा डबा उघडून चार घास खाल्ले.’ पहिल्या नोंदीवरून काहीच करता येत नव्हते. दुसऱ्या नोंदीवरून लगेच कळले की तो सोबतीने खातो, कोणी सांगितले की थांबतो. दुसऱ्या दिवसापासून त्याला त्या मुलीशेजारी बसवले आणि मोठ्यांनी तोंड बंद ठेवले, तेवढ्यावर डबा संपू लागला. रोज एका मुलाची अशी पाच-सहा ओळींची नोंद ठेवा, मुलाचे नाव न लिहिता. पालकसभेत, अभ्यासक्रमाच्या प्रकल्पवहीत आणि पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत ही वही जितकी कामाला येईल तितके दुसरे काही येणार नाही.

अभ्यासक्रमाकडे आता येते, कारण त्याची निवड वरच्या गोष्टी ठरल्यावरच करावी. नोकरी सांभाळून करण्यासारखा आणि देशभर ओळखला जाणारा म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन व बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम. बारावीनंतर प्रवेश मिळतो, किमान मुदत एक वर्ष असली तरी सवडीने अधिक काळ घेता येतो. विषयांत बालसेवांचे नियोजन, मुलांचे आरोग्य व पोषण आणि मुलांसाठीच्या योजना येतात, शिवाय मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करून लिहायचा प्रकल्प असतो. हा प्रकल्प नोकरी नसलेल्या विद्यार्थिनींना अवघड जातो, कारण त्यांना मुले शोधत फिरावे लागते; तुमच्यापुढे ती रोजच असतील. स्वाध्याय वेळेत दिल्याशिवाय जून-डिसेंबरच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि नोकरी करणाऱ्या मुली बहुधा इथेच अडकतात. मराठी माध्यमच हवे असेल तर नाशिकचेच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तुम्हाला जवळ आहे. चालू वर्षाची माहितीपुस्तिका घेऊन यंदा काय उपलब्ध आहे ते पाहा. पूर्ण वेळ शिकणे शक्य असेल आणि पुढे शाळेच्या पूर्वप्राथमिक विभागातच स्थिर व्हायचे असेल, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मान्यतेची दोन वर्षांची पूर्वप्राथमिक पदविका हा अधिक भक्कम पर्याय आहे, पण तो नोकरीबरोबर जमत नाही.

नाशिकच्या ज्या संस्थेने एकरकमी फी मागितली आहे, तिच्याबद्दल मी चांगले-वाईट काहीच म्हणत नाही. खासगी वर्गांपैकी काही खरोखर उत्तम असतात. साहित्य तयार करणे, गोष्ट सांगणे, गाणी बसवणे हे ते विद्यापीठापेक्षा चांगले शिकवतात. तिथे जाऊन एवढे विचारा: प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे किंवा मंडळाचे नाव असते, प्रत्यक्ष मुलांबरोबरचा सराव किती तासांचा असतो आणि कुठे, तो सराव मी माझ्या नोकरीच्या ठिकाणी केला तर चालेल का, आणि फी हप्त्यांनी घेता का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आमचे स्वतःचे, पण सगळीकडे चालते’ असे आले तर तो छंदवर्ग समजा आणि छंदवर्गाइतकेच पैसे द्या. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असे लिहिलेले पत्रक दिसले तर तेही मनात नोंदवा. मदतनीसाची नोकरी तुम्हाला तशीही मिळतेच आहे.

वेळेचे म्हणाल तर बालवाडीची नोकरी अर्ध्या दिवसाची असते, पण थकवा पूर्ण दिवसाचा येतो. संध्याकाळी पुस्तक उघडू असे ठरवणाऱ्या मुली पहिल्या दोन महिन्यांत ढेपाळतात. आमच्याकडे जमलेला मार्ग असा की बालवाडी सुटल्यावर तिथेच थांबून पाऊण तास वाचायचे आणि मगच घरी जायचे. घराचा उंबरठा ओलांडला की कामे हात धरतात. शिवाय पुस्तकातला जो धडा त्या आठवड्यात असेल, त्याचीच एखादी गोष्ट वर्गात करून पाहायची. पोषणाचा धडा असेल तर आठवडाभर डबे पाहा, भाषाविकासाचा असेल तर एका मुलाची वाक्ये जशीच्या तशी लिहून ठेवा. अभ्यास आणि काम असे दोन वेगळे ढीग केले की दोन्ही जड होतात.

प्रमाणपत्राची वाट न पाहता पहिल्या पंधरवड्यातच शिकायच्या काही गोष्टी आहेत, आणि त्यांत मला तडजोड मान्य नाही. घशात काही अडकले तर काय करायचे, हे हाताने करून शिका: वर्षाखालच्या बाळाला पालथे, डोके खाली करून पाठीवर खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब, एवढ्या लहान बाळाचे पोट दाबायचे नसते. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्ससारख्या संस्थांचे प्रथमोपचाराचे वर्ग असतात, तो एक जरूर करा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहानांच्या डब्यात आली तर बाजूला काढण्याचा अधिकार तुम्हाला आहे का, ते विचारून ठेवा. मूल कोणाच्या हाती सोपवायचे याची लेखी यादी असावी आणि ‘मी त्याचा काका’ म्हणणाऱ्याला, तो कितीही ओळखीचा दिसला तरी, यादीबाहेर मूल देऊ नये. आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला तरी कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. चालकांना सांगितले म्हणजे तुमची जबाबदारी संपत नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक पाठ असू द्या. २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या पाळणाघरात बाळाला झालेल्या मारहाणीचे चित्रीकरण बाहेर आल्यापासून पालक कॅमेऱ्याची चौकशी करतात आणि ते योग्यच आहे. तुमच्या बाजूने पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. मागण्यापूर्वी पुढे केले की चालकांनाही बरे वाटते.

पैशांविषयी आडपडदा ठेवत नाही. पहिले वर्ष तुम्ही हिशेबाच्या कामात मिळवत होता त्याहून कमी मिळवाल, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या. मात्र तुमचे बी.कॉम. वाया गेले असे समजू नका. बहुतेक बालवाड्यांचे आणि पाळणाघरांचे हिशेब विस्कळीत असतात, फीच्या पावत्या, खाऊचा खर्च, वर्गणी सगळे एकाच वहीत असते. मुलांमध्येही रमणारी आणि हिशेबही समजणारी बाई चालकांना सहसा मिळत नाही. फक्त एक जपा: पहिल्या वर्षी त्यांनी तुम्हाला कार्यालयात बसवू नये. हिशेब आठवड्यातून एक दिवस, तोही मुले गेल्यावर, आणि त्याचे पैसे वेगळे.

तुमच्या बाबतीत मी असे करीन. या आठवड्यात त्या बालवाडीत जाऊन डब्याच्या सुट्टीपासून पुढचा तासभर बसेन आणि ज्या ताईंच्या हाताखाली काम करायचे त्यांच्याशी बोलेन. वरच्या अटी लेखी द्यायला त्या तयार असतील तर मदतनीस म्हणून रुजू होईन, बाळे की मोठा गट हे मनात पक्के होईपर्यंत दोन-तीन महिने काम करेन, आणि मुक्त विद्यापीठाचे जानेवारी किंवा जुलै यांपैकी जे प्रवेशसत्र त्यानंतर येईल त्यात नाव घालेन. तोवर कोणत्याही संस्थेला एकरकमी फी देणार नाही. अटींना नकार मिळाला तर सिन्नरमध्येच दुसरी बालवाडी पाहा, आणि तिथे जाताना निरीक्षणाची वही, दोन-चारच पाने भरलेली असली तरी, बरोबर न्या.